मेंदीचं कुंपण

आमच्या घराला कुंपण होतं ते मेंदीचं. आष्टीपासून दोन कोसांवर, गावाच्या अगदी कडेला आमचं पत्र्याचं घर; एका अंगाला बाजरीचं शेत, दुसऱ्या अंगाला मेंढ्या कोंडायची जागा. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही मेंदी काही घरातल्या बायकांच्या हौसेसाठी लावली नव्हती. आमच्या मेंढ्या बोरी-बाभळीपासून दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यापर्यंत सगळ्याला तोंड लावत, फक्त मेंदी सोडून. म्हणून आबांनी घराभोवती मेंदीच्या फांद्या खोचल्या आणि दोन वर्षांत कमरेइतकी उंच, दाट भिंत उभी राहिली. तिच्या बारीक फुलांना असा वास यायचा की उन्हाळ्यात अंगणात झोपलेल्या माणसाला पहाटे उठावंसं वाटत नसे. माझ्या तरुणपणातली सगळ्यांत मोठी फजिती आणि सगळ्यांत मोठं सुख, दोन्ही या कुंपणापाशी येऊन थांबतात, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

कुंपण आबांचं असलं तरी त्याच्यावर राज्य गंगाआत्याचं. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा सासरहून एक पत्र्याची पेटी आणि एक लोखंडी कढई घेऊन ती आमच्याकडं आली ती कायमची. कढई तिच्या आईनं तिला लग्नात दिलेली, त्यामुळं तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. फांद्या छाटायच्या, पाला ओट्यावर सावलीत वाळवायचा, दगडी उखळात कुटायचा आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळायचा, हे तिचं दुपारचं काम. त्या कुटण्याचा धप्प-धप्प आवाज आणि मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, या दोन आवाजांत आमची दुपार जायची. महिन्यातून एकदा ती स्वतःच्या डोक्याला मेंदी लावायची. विधवा बाई, तिला रंग कशाला हवा, असं गावातल्या बायका नाक मुरडून बोलायच्या. आत्या शांतपणे म्हणायची, "डोस्कं तापतंय बाई माजं. औषिद हाय ते." पण मेंदी धुतल्यावर पेटीच्या झाकणाआडचा आरसा काढून ती किती वेळ बघत बसायची ते मी पाहिलेलं आहे. औषध म्हणून कुणी आरशात इतकं बघत नाही.

सकाळी आम्हाला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं मिळायचं, गूळ घातलेलं, आणि थंडीत त्यावर मेंढीचं घट्ट दूध. माय चुलीपुढं बाजरीच्या भाकरी थापायची आणि वहिनी ठेचा रगडायची. वहिनी म्हणजे माझ्या एकुलत्या भावाची बायको, सुमन. नगरकडची, बोलायला गोड आणि घरात नवीन काही आलं तर ते हमखास तिनंच आणलेलं. तिच्यामुळं आमच्याकडं टूथब्रश आला, तिच्यामुळं पावडरचा डबा आला. भाऊ मेंढ्या घेऊन लांब गेला की महिना महिना यायचा नाही, मग आम्ही चौघी आणि आबा एवढंच घर असायचं. घरात भांडण कमी, टोमणे भरपूर.

आबांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आष्टीच्या बाजारात मेंढरं विकायला जाताना ते मला बरोबर न्यायचे, मी दहा-बारा वर्षांची होईपर्यंत. जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा एका उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळू नये. सगळे व्यापारी असंच करायचे. आबांचं एक वेगळं होतं. बोटांवर बोटं जुळली, समोरचा खूश झाला, की उपरण्यातून हात काढायच्या आधी आबा म्हणायचे, "एक खोड सांगायची राहिली." मग ते सांगायचे. ही मेंढी एकाच सडानं दूध देते. ह्या मेंढ्याला पावसात खोकला येतो. ही मेंढी पिल्लाला जवळ घेत नाही, दोन दिवस धरून पाजायला लागेल. कधी समोरचा हात काढून घ्यायचा आणि आम्ही ते मेंढरू परत चालवत घरी आणायचो. माय चिडायची. आबा भाकरी कुस्करत म्हणायचे, "बाजार काय एक दिसाचा हाय व्हय?" मला बापाचा अभिमान वाटायचा. स्वतःवर पाळी येईपर्यंत असले अभिमान फार स्वस्त असतात.

सोळाव्या वर्षी माझे केस पांढरे व्हायला लागले. आधी उजव्या कानाच्या वर एक केस, मग चार, मग सरळ एक पट्टाच. मायनं पहिले काही उपटून काढले आणि चुलीत टाकले. उपटून किती उपटणार, पुढं टक्कल पडलं असतं. आमच्याकडं तेव्हा मुलगी बारावीला गेली की सोयरिकीचं बोलणं सुरू व्हायचं, आणि केस पिकलेली पोरगी करणार कोण, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेला मला दिसायचा. शेजारची एक बाई मायला म्हणालीसुद्धा, की पोरीला काही आजार तर नाही. त्या दिवसापासून मी डोक्यावरून ओढणी काढली नाही. वर्गात सगळ्यांत मागं बसायला लागले. आज हसू येतं, पण तेव्हा आपलं आयुष्य त्या चार बोटांच्या पट्ट्यात संपलं असं मला खरंच वाटायचं.

वहिनी माहेरी गेली तेव्हा येताना काळी पूड घेऊन आली. लहानसं पाकीट, वर काळ्याभोर केसांच्या बाईचं चित्र. नारळाच्या करवंटीत पाण्यात कालवायची आणि जुन्या टूथब्रशनं लावायची. अर्ध्या तासात पट्टा गायब. मी आरशात बघितलं आणि वहिनीच्या गळ्यातच पडले. आत्या उखळापाशी बसून बघत होती. "इतक्या बिगीनं काळं करतंय, त्यात हाय तरी काय?" तिनं विचारलं. वहिनी हसून म्हणाली, "आत्या, तुमची मेंदी लावून पोरगी गाजरावानी दिसंल." दर तीन आठवड्यांनी पूड लागायला लागली. डोकं खाजायचं, कपाळाच्या कडेला बारीक पुरळ यायचा, कानाची पाळी लाल व्हायची. ते सगळं मी मुकाट्यानं सोसलं, कारण ओढणी काढता येत होती.

मग तलवाड्याकडची मंडळी बघायला यायची ठरली. घर चांगलं, जमीन पाण्याखालची, मुलगा शिकलेला. मायनं पंधरा दिवस आधीपासून ओटा सारवायला घेतला. आदल्या दुपारी वहिनीनं नेहमीपेक्षा घट्ट पूड कालवली आणि जरा जास्त वेळ ठेवली, रंग पक्का बसावा म्हणून. सकाळी उठले तर उजवा डोळा अर्धा मिटलेला. पापणी फुगलेली, कपाळ लालभडक. आत्यानं ताकाची पट्टी ठेवली, मायनं देवापुढं हात जोडले. पाहुणे येईपर्यंत सूज थोडी उतरली, पण डोळा डोळ्यासारखा काही झाला नाही.

मी पदर घेऊन पाटावर बसले. मुलाच्या आत्यानं विचारलंच, "डोळ्याला काय झालं गं?" मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "चिलट गेलं सकाळी. चोळला तिनं." मी खाली मान घातली. आबा समोरच बसले होते. त्यांनी वहिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि खांद्यावरचं उपरणं काढून मांडीवर ठेवलं. त्यांचा तो हात मला बाजारातला ओळखीचा होता, पण तेव्हा लक्षात आलं नाही. विचारपूस झाली, मला आत पाठवलं, बाहेर चहा झाला. मी दाराआड उभी होते. मुलाचे चुलते म्हणाले, "आमाला पोरगी पसंत हाय. तुमी तारीख बघा." मायनं माझा हात घट्ट धरला. आणि बाहेरून आबांचा आवाज आला, अगदी बाजारातला.

"पाव्हणं, एक खोड सांगायची राहिली."

नंतरचं वाक्य मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "पोरीचे केस पिकाया लागल्यात. आज दिसतंय ते काळं लावल्यालं हाय, आन् डोळा त्यानंच सुजलाय. चिलट-बिलट काय न्हाई." कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कुणीतरी घसा खाकरला. चुलते म्हणाले, "बरं केलं सांगितलं. कळवतो आमी." ते कळवायला अजून यायचे आहेत.

वहिनी रडली, माय रडली, मी मात्र रडले नाही. मी बोलणं बंद केलं. आबांना भाकरी वाढायची, पाणी द्यायचं, पण शब्द नाही. ते विचारायचे, "कमा, कावून बोलंना झालीस?" आणि मी उठून जायची. बारा-तेरा दिवस असं चाललं. माझा बाप मला उपरण्याखाली विकायला बसला आणि तेही त्याला धड जमलं नाही, असं मी मनाशी घोळवत होते. या वयात त्या पोरीचा राग मला समजतो. तिला चार लोकांत उघडं पाडलं होतं आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

मौन मोडलं ते लोकर कातरताना. भाऊ लांब होता, त्यामुळं मेंढीचे पाय धरायला मीच होते. तिथून उठून जाता येत नव्हतं. आबा कातर चालवत होते, लोकर मांडीवर पडत होती. मेंढी काळी, पण वरची लोकर उन्हानं तांबूस झालेली. शेवटी मीच बोलले, आणि बोलले कसली, ओरडले. "मी काय मेंढरू हाय का, माजी खोड सांगाया?"

आबांची कातर थांबली. त्यांनी मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. "मेंढरू असतीस तर येवडी काळजी नसती," ते म्हणाले. "मेंढराची खोड दडवली तर गिऱ्हाईक बाजारात मला शिव्या देतंय. तुजी दडवली असती तर शिव्या तुला खायाला लागल्या असत्या. रोज. आन् मी तिथं नसतो." त्यांनी कातर पुन्हा उचलली, पण चालवली नाही. "दर तीन आटवड्याला दार लावून त्ये काळं लावत बसली असतीस, सासू उठायच्या आत. डोळं जात्याल का राहत्याल त्ये बी ठावं न्हाई."

त्यांचं खरं होतं म्हणून माझा राग आणखी वाढला. मी म्हणाले, "मग मला सांगू द्यायचं. डोस्कं माजं, मला बी तोंड हाय." माझा बाप कुणापुढं चुकलो म्हणणारा नव्हता. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ह्ये मातुर खरं. हितून पुढं मी तोंड उघडणार न्हाई." मग त्यांनी राहिलेली मेंढी कातरली. मी पाय धरून बसले, आणि किती दिवसांनी आम्ही दोघं एकाच ताटात जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी आत्याच्या उखळापाशी गेले. काही बोलावं लागलं नाही. तिनं पेटीतून फडकं काढलं, चहाचं पाणी उकळलं, चाळलेली मेंदी आणि वाळल्या आवळ्याची पूड तिच्या त्या कढईत कालवली. दिवसभर झाकून ठेवली; संध्याकाळपर्यंत ती काळसर पडली आणि तिला ओल्या मातीसारखा वास सुटला. दुसऱ्या सकाळी तिनं मला उन्हात बसवलं आणि भांग पाडून पाडून बोटांनी मेंदी थापली, वरून एरंडाची पानं ठेवून फडक्यानं बांधली. डोकं थंडगार. किती महिन्यांनी खाज नव्हती. मी म्हणाले, "आत्या, काळं होईल असं काय घाल की त्यात." ती म्हणाली, "मेंदी कुनाचं ऐकत न्हाई कमे. ती तिचाच रंग देती." मग हळूच म्हणाली, "मला बी आवडतोय म्हून लावते मी. डोस्कं तापतंय ह्ये आपलं लोकास्नी सांगाया." एवढी वर्षं तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी माझ्याजवळ ती मोकळी झाली, आणि मला ती मायपेक्षाही जवळची वाटली.

धुतल्यावर पट्टा खरंच गाजरासारखा दिसला. वहिनीनं पदर तोंडाला लावून हसू दाबलं. दोन-तीन दिवसांत तो तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा गडद झाला, पण लपला मात्र नाही. तेव्हा मला फरक कळला. काळी पूड लावली की मी पुढचे तीन आठवडे भीत जगायची, कुणाला मुळं दिसतील का म्हणून. मेंदी लावली की ज्याला बघायचं त्यानं बघून घेतलेलं असायचं. पुढं मी डीएडला गेले, तिथं पोरी मला गाजर म्हणायच्या, आणि परीक्षेच्या आधी त्याच पोरी आत्याच्या मेंदीची पुडी मागायला यायच्या. आता माझी मुलगी पुण्याहून चकचकीत पाकिटं आणते, वर मेंदीची पानं छापलेली, तासाभरात काळेभोर केस. जी मेंदी तासाभरात काळं करते तिच्यात मेंदी किती असेल, हे सांगायला आत्या लागत नाही. मी पाकिटं ठेवून घेते आणि तिला चहा करून देते.

तलवाड्याची मंडळी येऊन गेल्यावर दीड वर्षानं लिंबागणेशकडचं स्थळ आलं. मुलगा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. बरोबर त्याची आई आणि मामा. वहिनी आदल्या दिवशी माझ्या मागं मागं फिरत होती. "एकच डाव लाव गं काळं. माज्यासाटी." मी नाही म्हणाले. तिनं मग निदान पदर तरी नीट पुढं ओढून दिला, पट्टा पार झाकला जाईल असा. आबा दाराजवळ पोत्यावर बसले होते, तोंडात तंबाखूचा भला मोठा बार भरून. बोलायचंच नाही म्हणून त्यांनी तो भरला होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मुलगा मान तिरकी करून बसला होता. मी काय शिकते ते त्याच्या मामांनी विचारलं, मी सांगितलं, तरी हा भिंतीकडं तोंड करून ऐकतोय. वहिनी माझ्या कानाशी पुटपुटली, "लई गर्वाचा दिसतोय गं." मलाही तसंच वाटलं. शेवटी मामा म्हणाले, "आमच्याकडून काय अडचण न्हाई." आबांचा पाय हलायला लागला. ते माझ्याकडं बघत होते. गाल फुगलेले, डोळे लाल, सांगितलेला शब्द पाळताना एवढे हाल झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी पदर मागं घेतला. सगळा. उजव्या कानावरचा पट्टा त्या मंडळींकडं केला आणि म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. माझे केस सोळाव्या वर्षापासून पांढरे आहेत. मी काळं लावत नाही, मेंदी लावते. पुढंही तीच लावणार."

मुलाच्या आईचा हात पदरावर तसाच थांबला. मामा छताकडं बघायला लागले. आणि तो मुलगा पहिल्यांदा माझ्याकडं सरळ वळला. "मग माजी बी खोड आईका," तो म्हणाला. त्याच्या आईनं त्याला कोपरानं ढोसलं, पण तो थांबला नाही. "डाव्या कानानं मला आजिबात ऐकू येत न्हाई. ल्हानपनापासून. म्हून मी असा तिरका बसतो. आदी दोन ठिकानी आईनं सांगू दिलं न्हाई." मला हसू आलं, आणि मग त्यालाही आलं. आबा उठून बाहेर गेले, तंबाखू थुंकली, चूळ भरली आणि मेंदीच्या कुंपणापाशी पाठमोरे उभे राहून बराच वेळ उपरण्यानं तोंड पुसत राहिले.

आता आबा नाहीत, आत्या नाही. कढई माझ्याकडं आहे. माझं सगळं डोकं पांढरं झालं, म्हणजे सगळंच तांबूस झालं, आणि डोक्याच्या मागं माझा हात पोचत नाही. महिन्यातून एका रविवारी हे माझ्या पाठीमागं उभे राहतात आणि भांग पाडून पाडून मेंदी थापतात. आत्याइतकं नीट जमत नाही, मानेवर ओघळ येतात. कुरकुर करायची असली की मी डाव्या बाजूला मान वळवून करते. त्यांना ऐकू जात नाही आणि माझंही मन मोकळं होतं. त्यांच्या हातानं डोक्याला बरं वाटतंय, एवढं मात्र मी उजवीकडून सांगते.